पांढरे ठिपके गेले म्हणजे समुद्री मासा बरा झाला का?

भोईवाड्यात औषधांना तोटा नाही. केईएम, टाटा, वाडिया ही हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर. जनावरांसाठी १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही इथंच, परळमध्ये. पण याच भागातल्या एखाद्या चाळीत खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या 'निमो'च्या अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके दिसले, तर काय करायचं? दुकानातल्या निळ्या-हिरव्या बाटल्या बहुतेक गोड्या पाण्यातल्या माशांसाठी असतात. बाहेरून येणारी औषधं मिळाली तर मिळाली, आणि तीही महाग.

हे ठिपके पाडणारा एकपेशीय परजीवी म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. त्याला हे नाव १९५१ मध्ये मिळालं. योगायोग असा, की मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालयही त्याच वर्षी सुरू झालं.

फसगत होते ती इथं. चार-पाच दिवसांत ठिपके आपोआप जातात आणि मासा बरा झाला असं वाटतं. खरं तर परजीवी पोट भरून खाली उतरलेला असतो. तळाच्या वाळूत, दगडावर तो स्वतःभोवती टणक कवच करतो. आत एकाचे शेकडो होतात, आणि मग ती पिल्लं नवा मासा शोधत पाण्यात सुटतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. ठिपके परत येतात ते पहिल्यापेक्षा जास्त, आणि या वेळी कल्ल्यांतही. मासा दगावतो तो बहुतेक वेळा श्वास कोंडून.

कातडीखाली असताना परजीवीपर्यंत औषध पोचत नाही, कवचात असतानाही नाही. पोहणारी पिल्लं तेवढी मरतात. तांब्याचं औषध तेच काम करतं, म्हणून ते आठवडेन्‌आठवडे चालू ठेवावं लागतं.

आणि तांबं म्हटलं की आपल्याकडे आठवतं मोरचूद. शेतीच्या दुकानात ते स्वस्तात मिळतं. पण हिशेब करून बघा. पाण्यात तांब्याचं प्रमाण लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम लागतं. १०० लिटरला २० मिलिग्रॅम तांबं, म्हणजे जेमतेम ८० मिलिग्रॅम मोरचूद. चिमूटभरसुद्धा नाही! त्यात शेतीच्या मोरचुदात भेसळ काय असेल सांगता येत नाही. टेस्ट किट नसेल तर या वाटेला न गेलेलंच बरं. प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय असलेल्या टँकमध्ये तर तांबं कधीच नको, ती मरतात.

औषधाशिवायचा उपाय मात्र दहा बाय बाराच्या खोलीतही जमतो. कवच फुटायला बहुधा तीन दिवस तरी लागतात. तेवढ्यात मासाच हलवायचा! दोन प्लॅस्टिकचे टब, हवेचा पंप, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. दर ७२ तासांनी मासा नव्या खाऱ्या पाण्यात, असं चार वेळा. रिकामा टब धुऊन कडकडीत वाळवायचा. जुन्या पाण्याचा थेंब किंवा ओली जाळी नव्या टबात गेली तर सगळी मेहनत पाण्यात. नव्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा आधीच्या पाण्याइतकाच हवा. नळाचं पाणी वापरत असाल तर त्यातलं क्लोरीन आधी काढा.

दुसरा मार्ग खारटपणा उतरवण्याचा. वेगळ्या टँकमध्ये पाण्याची घनता दोन दिवसांत हळूहळू १.००९ पर्यंत आणून किमान चार आठवडे तिथंच ठेवायची. रिफ्रॅक्टोमीटर लागतो, अंदाजपंचे चालत नाही. काही परजीवी यालाही दाद देत नाहीत.

मूळ टँकचं काय? तो माशांविना चालू ठेवायचा. थंड पाण्यात एका कवचातून तब्बल ७२ दिवसांनी पिल्लं बाहेर पडल्याची नोंद आहे. म्हणून जाणकार ७६ दिवस सांगतात. यातच बहुतेकांचा धीर सुटतो.

ठिपके मिठाएवढे नसून पिठासारखी सोनेरी-करडी धूळ दिसत असेल, मासा पंपाच्या धारेत तोंड धरून धापा टाकत असेल, तर तो वेल्वेट. त्याचा परजीवी वेगळा, ॲमिलूडिनियम. खारटपणा उतरवून तो मरत नाही आणि हाती दिवस मोजकेच असतात. इथं तांबं किंवा मलेरियाचं क्लोरोक्विनच लागतं. क्लोरोक्विन चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. त्याचा डोस पशुवैद्यालाच विचारा, आणि फोन त्याच दिवशी करा.