हिरवा आहे म्हणून हर्बल नाही

"अहो, तो चहा नाहीच मुळी. हर्बल आहे. तिला चालतो."

डोहाळजेवणाच्या तयारीत हे वाक्य आता बदनापुरातही कानावर यायला लागलंय. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांचे दागिने, झोपाळ्यामागे पानांचा पडदा. मग ग्लासातलंही हिरवंच हवं म्हणून कुणीतरी हौशी मावसबहीण मोबाइलवर बघून माच्याची डबी मागवते. किराणा दुकानात ही वस्तू मिळत नाही, कुरिअरनं येते. खाली पांढरं दूध, मध्ये बर्फ, वर गर्द हिरवा थर. फोटो झकास येतो, हे कबूल. हौसेला माझी काडीची हरकत नाही. पण जिच्यासाठी हा सगळा थाट, तिचा सकाळचा कपभर चहा घरच्यांनी कधीच बंद केलेला असतो आणि तिच्याच हातात 'हर्बल' म्हणून हा ग्लास दिला जातो, तेव्हा मात्र राहवत नाही. एका काकूंना मी डबीची मागची बाजू वाचून दाखवली. घटक: ग्रीन टी, शंभर टक्के. त्यांनी डबी उलटी फिरवली. "पण पुढं नॅचरल लिहिलंय ना!"

नॅचरल तर तंबाखूही आहे, काकू.

माचा हा चहाच आहे. कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाच्या पानांपासून स्टँडवरच्या टपरीतला कडक चहा होतो, ग्रीन टी होतो आणि माचाही होतो. फरक आहे तो पानावर काय संस्कार होतात त्यात. टपरीच्या चहाचं पान चुरडून, हवेवर काळं पडू देऊन वाळवतात. माच्यासाठी तोडणीच्या आधी साधारण तीन-चार आठवडे झाडांवर सावली धरतात. ऊन तुटलं की पानात हरितद्रव्य वाढतं, तुरटपणा कमी होतो, आणि कॅफीनही वाढतं. मग कोवळं पान तोडून लगेच वाफवायचं, वाळवायचं, देठ-शिरा काढून टाकायच्या आणि राहील ते दगडी जात्यात दळायचं. एका जात्यातून तासाला जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम पीठ पडतं, त्यामुळे किंमत ऐकून दचकायचं कारण नाही. क्योटोजवळचं उजी आणि आइची प्रांतातलं निशिओ ही या चहाची नावाजलेली ठिकाणं. झेन भिक्षू एइसाई यांनी ११९१ च्या सुमारास चीनहून चहाचं बी जपानात आणलं असं मानतात. मठांतले भिक्षू हा चहा कशासाठी पीत? ध्यानाला बसल्यावर डुलकी लागू नये म्हणून. मठांत ज्या पेयाचा उपयोग झोप उडवायला होई, त्याला आपण बाळंतकाढ्याच्या रांगेत नेऊन बसवलंय.

हर्बल म्हणायचंच तर गवती चहा, तुळस, आलं यांच्या काढ्याला म्हणा. त्यात चहाचं पान नसतं, कॅफीनही नसतं. माच्याची गोष्ट बरोबर उलटी आहे. साध्या चहात पत्ती उकळून आपण चोथा गाळून टाकतो. इथे गाळणं हा प्रकारच नाही. पान पीठ होऊन अख्खं पोटात जातं, म्हणून त्यातलं चांगलंही सगळं येतं आणि नको ते पण.

आता आकडे. माच्याच्या रसायनांचा एक आढावा २०२१ मध्ये 'मॉलिक्यूल्स' या नियतकालिकात आला. त्यात एका ग्रॅममधलं कॅफीन १८.९ ते ४४.४ मिलिग्रॅम असं दिलंय. एका ग्लासाला सपाट चमचाभर, म्हणजे साधारण दोन ग्रॅम पूड लागते. म्हणजे ग्लासाला ३८ ते ८९ मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आणि आयसीएमआरनं २०२४ साली जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत चहाच्या कपाला ३० ते ६५, इन्स्टंट कॉफीला ५० ते ६५ आणि पावडर उकळून-गाळून केलेल्या कॉफीला ८० ते १२० मिलिग्रॅम धरलंय. म्हणजे माच्याची जागा चहापासून थेट उकळून-गाळून केलेल्या कॉफीपर्यंत कुठेही. गर्भवतीनं दिवसभरात सगळं मिळून २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये सांगितलं. गरोदरपणात शरीर कॅफीन सावकाश बाहेर टाकतं, ते वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि बाळाला ते पचवता येत नाही, म्हणून ही मर्यादा.

तेव्हा सपाट चमच्याचा एक ग्लास प्यायला म्हणून आभाळ कोसळत नाही. कुणाला घाबरवायचा माझा विचार नाही. भीती आहे ती 'हर्बल'च्या भरवशावर हात सैल सुटण्याची. रंग नीट चढावा म्हणून दोन चमचे घातले की एकाच ग्लासात १७८ मिलिग्रॅमपर्यंत मजल जाते. वर "घे गं, तुझ्यासाठीच केलंय" म्हणत दुसरा ग्लास.

आणि तिचा चहा मुळात बंद का केला होता? चहानं बाळ काळं होतं म्हणून! बाळाचा वर्ण आईबापाकडून आलेल्या जनुकांवर ठरतो. चहानं तो काळवंडत नाही, केशराच्या दुधानं उजळत नाही आणि हिरव्या पेयानं हिरवा होत नाही, हे एकविसाव्या शतकात लिहावं लागतं. चुकीच्या कारणानं चहा सोडवायचा आणि चुकीच्याच कारणानं त्याचा सख्खा भाऊ पाजायचा, असा हा व्यवहार.

कॅफीनपेक्षा मला लोहाची काळजी जास्त वाटते, आणि नेमकं त्याबद्दल कुणीच विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. आशाताई घरी येऊन लाल गोळ्या देतात ते याचसाठी. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह, १८० दिवस रोज एक. आपल्याकडच्या ताटात लोह येतं ते बाजरीतून, पालेभाजीतून, डाळीतून. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचं तुरीच्या वाणांसाठी राज्यभर नाव आहे, पण तुरीतलं लोह झालं तरी ते वनस्पतीतलं, आणि ते अंगी लागणं मुळातच अवघड. त्यात जेवताना चहा घेतला की त्यातली तुरट द्रव्यं लोहाला धरून बसतात आणि ते तसंच बाहेर पडतं. म्हणूनच जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, असं वर सांगितलेल्या २०२४ च्या तत्त्वांत म्हटलंय. माच्यात तर पान अख्खंच.

इथे जाणकार मंडळी मोसंबी पुढे करतात. मोसंबीत क जीवनसत्त्व, क जीवनसत्त्वानं लोह शोषलं जातं, तेव्हा माच्यात मोसंबीचा रस घातला की फिटंफाट. पहिली दोन वाक्यं अगदी खरी आहेत. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि मोसंबीचं संशोधन केंद्र खुद्द बदनापुरात आहे, तेव्हा तिचं कौतुक मी इथे वेगळं करायला नको. पण तिसरं वाक्य टिकत नाही. १९७५ मध्ये 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात चहा आणि लोह यांवरचा एक अभ्यास आला. लोहाची द्रावणं, पाव, भाताचं जेवण अशा वेगवेगळ्या गोष्टींबरोबर चहा देऊन पाहिला. क जीवनसत्त्व असो वा नसो, चहानं लोहाची वाट अडवलीच. तेव्हा मोसंबीचा रस जेवणाबरोबर किंवा गोळीबरोबर नुसता द्या. माच्यात घालायचा तर चवीसाठी खुशाल घाला, हिशोब फिटला असं मात्र समजू नका.

जेवणाआधीचं तासाभराचं अंतर साधणं काही कठीण नाही. पाहुण्या आल्या की ओटी भरणं, गाणी, उखाणे, झाकलेल्या वाट्यांतून पेढा की बर्फी ओळखायचा खेळ, प्रत्येकीबरोबर फोटो. पंगत बसायला तास-दीड तास सहज जातो. हिरवा ग्लास आल्या-आल्या द्या, ताटाशेजारी मांडू नका.

आता ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं त्या बर्फाकडे येऊ. थंडीनं जंतू मरतात हा समज इतका पक्का आहे की पाणी गाळून-उकळून घेणारी माणसंही बर्फ कुठूनही आणतात. गोठल्यानं जंतू मरत नाहीत, थांबून राहतात. बर्फ वितळला की मोकळे. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ एरवी बहुतेकांना आपोआप बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर २० ते २५ टक्के बायका दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डोहाळजेवण करतात ते साधारण सातव्या महिन्यात, म्हणजे ऐन त्याच काळात. ज्या घरात थंड प्यायल्यानं बाळाला सर्दी होईल म्हणून वाद होतो, तिथे बर्फ कोणत्या पाण्याचा हे विचारलं जात नाही. कारखान्यातली लादी बहुतेकदा बाटल्या गार करण्यासाठी असते. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम २०१८ पासून आहे, तरी लादी पांढरी दिसली म्हणजे ती पोटात जायच्या लायकीची झाली असं नाही. आदल्या दिवशी पाणी खळखळून उकळा, निववा आणि घरच्या फ्रीजमध्येच ट्रे लावा. शेजारच्या दोन घरांचे ट्रे मागून आणले तर पन्नास माणसांचं भागतं.

करायचं कसं, ते थोडक्यात. पूड चहाच्या बारीक गाळणीतून चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात आणि त्या शेवटच्या घोटापर्यंत फुटत नाहीत. उकळतं पाणी ओतू नका, कडू होतं. ऐंशी अंशांच्या आसपासचं हवं; थर्मामीटर नको, तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधं पाणी मिसळा, झालं. ते साधं पाणीही आधी उकळून निववलेलंच घ्या. सपाट चमचाभर पुडीला त्यातलं पाव वाटी पाणी पुरे. बांबूची फणी नसली म्हणून अडत नाही. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून अर्धा मिनिट दणकून हलवा, वर बारीक फेस येईल. पाणी गरम असल्यानं झाकण फडक्यानं धरा. साखर थंडात विरघळत नाही, म्हणून पातळ पाक करून ठेवा. ग्लासात बर्फ, त्यावर तापवून गार केलेलं दूध, मग पाक, आणि शेवटी चमच्याच्या पाठीवरून माचा हळूच सोडा. मोसंबीचा करायचा तर दुधाला सुट्टी, दोन्ही एकत्र आले की फाटतं. माचा पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगतो आणि थोड्या वेळानं तळाशी बसतो. म्हणून पिंपभर करून ठेवायचा उद्योग करू नका.

उरलेले गैरसमज उभ्या-उभ्या. ग्रीन टीची पिशवी फोडून मिक्सरला लावली की माचा होत नाही, कडू भुकटी होते. शेवग्याच्या पाल्याची पूड माच्याच्या भावात घेऊ नका. पाला उत्तम, पण तो शेवगाच. 'सेरेमोनियल ग्रेड' ही जपान सरकारनं ठरवलेली प्रत नाही, कुणीही डबीवर छापू शकतं, आणि दूध-बर्फ-पाकात महागड्या पुडीचा नाजूकपणा तसाही कळत नाही. '१३७ पट अँटिऑक्सिडंट' हे २००३ च्या एका अभ्यासातलं वाक्य. तुलना एका विशिष्ट ब्रँडच्या ग्रीन टीशी आणि तीही एकाच घटकाची होती, बाकीचं जाहिरातवाल्यांनी केलं. वजन उतरतं म्हणाल, तर २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात ग्रीन टीनं झालेली घट दखल घेण्याजोगी आढळली नाही, आणि त्या अभ्यासांत कुणी वर आइस्क्रीमचा गोळा ठेवला नव्हता. माच्यात थिअनिन नावाचा घटक असतो म्हणून कॅफीन रद्द होतं, हेही नाही. पूड पिवळट पडली असेल तर ती जुनी झालीय, फेकवत नसेल तर केकमध्ये घाला.

आणि खर्चाचं बघा. तीस ग्रॅमच्या डबीत पंधरा ग्लास होतात. पन्नास बायकांसाठी चार डब्या फोडण्यापेक्षा एक डबी हौसेची, बाकीच्यांना मोसंबीचा ताजा रस. ओटी भरून घेणारीला दोन्ही दाखवा, हिरव्यात चहा आहे हे सांगा आणि तिला काय हवं ते तिलाच ठरवू द्या. लाल गोळी रात्रीची.