स्कॅनर गाडीशी बोलेना? ईसीएम बदलण्याआधी फ्यूज बघा

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका भाईंच्या टूरिस्ट गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला. भाई शिर्डी-शनिशिंगणापूरच्या फेऱ्या मारतात, घर त्याच गाडीवर चालतं. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तर तो गाडीशी बोलेचना. ‘ईसीएम गेला, पंचवीस-तीस हजार धरून चला,’ असं त्यांना सांगण्यात आलं. भाई उसनवारीला निघाले. तेवढ्यात नगरमधल्या एका जुन्या वायरिंगवाल्या चाचांनी दोनच प्रश्न विचारले, ‘गाडी स्टार्ट होते ना? आणि मोबाइलचा चार्जर चालतो का?’ गाडी स्टार्ट होत होती, चार्जर मात्र बंद होता. चाचांनी फ्यूज बॉक्स उघडला. एक फ्यूज उडालेला होता. तो बदलला आणि स्कॅनर लगेच बोलू लागला.

असे प्रसंग जिल्ह्यात रोज घडत असतील. आपल्या समाजातली कितीतरी मुलं गॅरेज लाइनमध्ये आहेत आणि कितीतरी घरं टॅक्सी-टेम्पोवर चालतात. म्हणून हा विषय सोप्या भाषेत मांडतो आहोत.

हा पोर्ट म्हणजे काय?

स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचा एक सॉकेट असतो. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड स्कॅनर इथूनच वाचतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून तो सक्तीचा झाला. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झालं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर तर स्कॅनरशिवाय काम होणंच अवघड झालं. गाड्यांची चाचणी घेणारी व्हीआरडीई ही संस्था आपल्या नगरलाच आहे, पण रस्त्यावरच्या गॅरेजपर्यंत ही माहिती अजून पुरती पोचलेली नाही.

आधी स्कॅनर तपासा

तोच स्कॅनर दुसऱ्या चालू गाडीला लावून पाहा. तिथेही चालला नाही तर दोष गाडीचा नाही. स्वस्तातले ब्लूटूथवाले स्कॅनर सगळ्याच गाड्यांची भाषा समजत नाहीत, हेही लक्षात ठेवा. चावी ऑन आहे ना, बॅटरी उतरलेली नाही ना, हे पाहा. चांगली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.५ व्होल्ट दाखवते.

स्कॅनरचा दिवाच लागत नसेल तर

म्हणजे पोर्टला करंट मिळत नाही. सॉकेट समोरून पाहिला, रुंद बाजू वर ठेवली, तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ नंबरच्या पिना असतात. १६ नंबरला बॅटरीचा प्लस, ४ नंबरला बॉडीचा अर्थ आणि ५ नंबरला सिग्नलचा अर्थ. मल्टिमीटरची लाल वायर १६ ला आणि काळी ४ ला लावा. बॅटरीइतके व्होल्ट यायला हवेत. मग काळी ५ ला लावून पुन्हा बघा.

व्होल्ट आले नाहीत तर काळी वायर बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला लावून १६ नंबर पुन्हा तपासा. आता व्होल्ट आले तर प्लस ठीक आहे, अर्थ तुटला आहे. अर्थचा बोल्ट काढून गंज घासा आणि घट्ट आवळा. तरीही आले नाहीत तर फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत पोर्टचा फ्यूज चार्जरच्या सॉकेटसोबत एकच असतो, म्हणूनच चाचांनी चार्जरचं विचारलं होतं. फ्यूज आहे त्याच अँपिअरचा टाका. मोठा फ्यूज किंवा तार बांधून काम भागवू नका, वायरिंगला आग लागू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. भाईंच्या गाडीत नव्या टेपची वायर लोखंडी पट्टीला घासून उघडी पडली होती. ती टेप गुंडाळून बाजूला घेतल्यावरच काम पूर्ण झालं.

दिवा लागतो, पण स्कॅनर बोलत नाही

आता बोलण्याच्या वायरी तपासा. नव्या गाड्यांत ६ आणि १४ नंबरवर कॅन लाइन असते, जुन्या बऱ्याच गाड्यांत ७ नंबरवर के-लाइन. इथे टेस्ट लॅम्प लावू नका, मल्टिमीटरच वापरा. बॅटरीचा मायनस काढून काही मिनिटं थांबा, मग ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे सहसा ६० च्या आसपास आकडा येतो. १२० आला तर एक टोक तुटलं आहे. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना भिडल्या आहेत किंवा एखादं युनिट आतून शॉर्ट आहे. काही गाड्यांत मध्ये गेटवे असतो, तिथे आकडा वेगळा येतो. अशा वेळी त्या गाडीची वायरिंगची आकृती बघूनच पुढे जा.

बाहेरून बसवलेलं सामान, म्हणजे जीपीएस ट्रॅकर, टेप, रिमोट लॉक, एकेक करून काढून बघा. एक बिघडलेलं यंत्र सगळी लाइन बसवून टाकतं. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावकडे उसाच्या कडेला गाडी उभी राहते, तिथे उंदीर वायरी कुरतडतात, तेही पाहा. जाड प्लग जोरात दाबल्याने सॉकेटच्या पिना पसरतात किंवा मागे सरकतात. टॉर्च लावून प्रत्येक पिन बघा. पिवळ्या वेष्टणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नका.

ईसीएमचा नंबर शेवटी

इंजिन स्टार्ट होऊन नीट चालत असेल तर ईसीएम पूर्ण मेलेला नाही, एवढं समजायला हरकत नाही. स्कॅनर एबीएसशी बोलतो आणि फक्त इंजिनशी बोलत नसेल, तर त्या युनिटचा करंट, अर्थ आणि वायरी आधी तपासा. एवढं सगळं बरोबर निघालं तरच ईसीएमवर संशय घ्या.

गॅरेजवाल्या भावांना आमची विनंती, एक चांगला मल्टिमीटर घ्या आणि गिऱ्हाइकाला प्रत्येक मोजमाप दाखवा. आणि गाडीवाल्यांनो, ‘ईसीएम गेला’ असं कुणी म्हटलं तर शांतपणे विचारा, ‘भाई, १६ नंबरला व्होल्ट किती आले?’ उत्तर नसेल तर खिशातला हात खिशातच राहू द्या.