पगचं घोरणं गोड नसतं

आजचा भाग म्हसावदहून, आमच्या घराच्या ओट्यावरून. मागे घर्र-घर्र ऐकू येतंय ना? माईक बिघडलेला नाही. तो आमचा मोत्या, चार वर्षांचा पग. आज विषयही तोच.

2003 मधली हचची जाहिरात आठवते? पुढे लहान मुलगा, मागे मागे पग. तेव्हापासून आपल्याकडे पगची क्रेझ आली. त्यातला स्वभाव मात्र खरा आहे बरं का. मी लॅपटॉप उघडला की मोत्या माझ्या पायांवर येऊन बसतो. लहान मुलांशी छान जमतं. राखणीचं काम मात्र विसरा, हा चोरासमोरही शेपूट हलवेल. आणि त्याला माणूस लागतंच. घर दिवसभर बंद राहणार असेल, तर पग आणू नका.

जाहिरातीत ऐकू न येणारी गोष्ट म्हणजे हे घोरणं. आमची आजी म्हणायची, "किती निवांत झोपलंय लेकरू!" मलाही तसंच वाटायचं.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, तोंडातला आणि नाकातला ओलावा उडतो, आणि अंग थंड होतं. पगचं तोंड माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून आखूड केलं. हाड आखूड झालं, पण आतला मऊ भाग तेवढाच राहिला. नाकपुड्या चिमटलेल्या, टाळू घशात लोंबणारी. लॅपटॉपचा पंखा जोरात फिरतोय, पण जाळी बुजलेली, तसं समजा. घोरणं म्हणजे हवा अडल्याचा आवाज.

हे मला मागच्या मे महिन्यात कळलं. संध्याकाळचे पाच वाजले होते, ऊन उतरलं असं समजून मी त्याला शेतावर नेलं. केळीच्या बांधावर त्याचे पाय लटपटले, जीभ जांभळट झाली, तोंडातून चिकट लाळ. मी गाडीकडे पळत सुटलो. बाबा ओरडले, "आधी पाणी!" मोटारीचं पाणी त्याच्या अंगावर सोडलं, उपरण्याने वारा घातला, मगच शहाद्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, तेवढ्याने वाचला.

म्हणून लक्षात ठेवा, आधी थंड करा, मग न्या. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, खाली उष्णता अडकते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आता आमचे नियम. उन्हाळ्यात फिरणं सूर्य उगवायच्या आत. गळ्यात पट्टा नाही, छातीचा हार्नेस. वजन साधारण 6 ते 8 किलो. हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत, कारण चरबीने श्वास आणखी अडतो. तूप लावलेली पोळी बंद, यावर घरात अजून भांडण चालू आहे! चेहऱ्याच्या घड्या रोज पुसून कोरड्या करायच्या. डोळे बाहेर आलेले असतात, पटकन जखम होते. डोळा लाल झाला किंवा मिटून धरला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

नवीन पग घ्यायचा विचार असेल, तर एकदा आपल्या गावचा पारा बघा. मे महिन्यात लाइट गेल्यावर त्याला थंड कोण ठेवणार, हे आधी ठरवा. उत्तर नसेल, तर गल्लीतलं लांब नाकाचं पिल्लूही तितकाच जीव लावतं.

आमचा मोत्या आता कूलरसमोर आडवा झालाय. भेटू पुढच्या भागात!