ताणलेल्या तारांचे काँक्रीट

कर्नाटकातील हुमनाबाद भागाला बीदर व कलबुरगीशी जोडणारा सुमारे 110 किलोमीटरचा लोहमार्ग 29 ऑक्टोबर 2017 रोजी खुला झाला. त्याच्या रुळांखालचे स्लीपर म्हणजे पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे, अर्थात भार येण्याआधीच मुद्दाम दाबून ठेवलेल्या काँक्रीटचे, रोज नजरेसमोर असूनही सहसा लक्षात न येणारे उदाहरण होय.

काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकाच, त्यामुळे वाकणाऱ्या तुळईचा तळ प्रथम तडकतो. साध्या आरसीसीतील सळ्या हे तडे आवरतात, टाळत नाहीत. स्लीपरच्या कारखान्यात ओळीने मांडलेल्या साच्यांमधून उच्चबल पोलादी तारांचे पीळ जॅकने ताणतात, त्यांभोवती काँक्रीट भरतात आणि ते पुरेसे कठीण झाल्यावर तारा सोडतात, तेव्हा आखडू पाहणाऱ्या तारा स्वतःला चिकटलेल्या काँक्रीटलाच दाबून धरतात.

ही कल्पना एकोणिसाव्या शतकातच सुचली होती, पण ती टिकत नव्हती. काँक्रीट वाळताना आकसते आणि सततच्या दाबाखाली हळूहळू आखूडही होत जाते. साधे पोलाद मीटरमागे अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपलीकडे ताणता येत नसल्याने तेवढ्या आखूडपणातच त्याचा सारा ताण ओसरत असे. फ्रेंच अभियंता युजीन फ्रेसिने याने हे नेमके ओळखून 1928 मध्ये पेटंट घेतले आणि मीटरमागे सहा मिलिमीटरांपर्यंत ताणता येणाऱ्या उच्चबल तारांचा आग्रह धरला; या तंत्राचे खरे श्रेय त्यालाच द्यावे लागते.

मोठ्या पुलांत क्रम उलटा असतो: काँक्रीटमध्ये आधी पोकळ नळ्या ठेवतात, ते घट्ट झाल्यावर त्यांतून ओवलेल्या केबल ताणून टोकांना जखडतात आणि नळ्यांत सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरतात, त्याला ग्राउटिंग म्हणतात. किरकोळ वाटणाऱ्या या कामातच पुलाचे आयुष्य ठरते, कारण पोकळी राहिली तर ओलावा शिरून ताणाखालची तार आतल्या आत गंजते आणि बाहेरून काही दिसत नाही. पणजीजवळचा मांडवी पूल बांधून दोन दशकेही झाली नसताना 5 जुलै 1986 रोजी कोसळला, आणि त्यामागे केबलचा गंज हेच प्रमुख कारण मानले गेले. 1973 मध्ये खुल्या झालेल्या ठाणे खाडीवरील वाशीच्या पुलाच्या केबलनाही गंजाने गाठले होते. तो पूल वाचवण्यासाठी तुळयांना बाहेरून नव्या केबल ताणून बसवाव्या लागल्या.