कॉफी दळायची कशात?

कोल्हापुरात वर्षाची चटणी कांडप यंत्रावर करून आणतात, पण कॉफीच्या बिया तशा एकदम दळून ठेवता येत नाहीत. दळल्यावर वास काही तासांतच उतरू लागतो. म्हणून बिया डब्यात ठेवाव्यात आणि लागतील तेवढ्याच दळाव्यात.

घरचा मिक्सर चालेल का? निभावून नेता येतं, पण दोन अडचणी. भांड्यात कांदा-लसूण मसाला झाला असेल तर तो वास कॉफीला लागतोच. दुसरी अडचण मोठी. पातं बिया दळत नाही, तोडतं. त्यामुळे पीठ आणि कण्या एकत्र येतात. पिठातून कडूपणा उतरतो, कण्यांतून नुसता आंबट, कच्चा अर्क. स्वस्त इलेक्ट्रिक ग्राइंडरांतही बहुधा पातंच असतं, तेव्हा तो खर्च मी करणार नाही.

जात्यासारखा, दोन दातेरी भागांमध्ये बी भरडणारा हाताचा ग्राइंडर घ्या. साधे दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतात. पैसे असतील तर स्टीलच्या दात्यांचा बघा. दांडा आत डगमगत असेल तर कितीही स्वस्त असो, नको. भरड एकसारखी येणार नाही. एका कपाला साधारण 15 ग्रॅम बिया लागतात, हात थोडा दुखेल.

फ्रेंच प्रेसला जाडा रवा, दाक्षिणात्य फिल्टरला त्याहून बराच बारीक. दाते पाण्याने धुऊ नयेत, कोरड्या ब्रशने झाडावेत. चिकोरी मिसळलेली पूड आवडत असेल, तर ग्राइंडरची गरजच नाही.