लोकरीचा गोळा का झाला?

मागे एकदा टकळीवर कातण्यासाठी मी धनगरवाड्यावरून थोडी काळी लोकर आणली. मळकट होती, म्हणून कढत पाण्यात साबण घालून खसखसून चोळली. वाळल्यावर हाती आला बुरणुसासारखा घट्ट गोळा! त्यातून एक धागा निघेना. असे का बरे झाले?

सूक्ष्मदर्शकाखाली लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे खवले दिसतात. त्यांची मोकळी टोके शेंड्याकडे असतात. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो; उलट दिशेने घर्षण जास्त असते. गरम साबणपाण्यात चोळताना तंतू पुढे सरकत राहतात, मागे येत नाहीत आणि एकमेकांत अडकून बसतात.

पण सूत बनते तेही घर्षणामुळेच! आखूड तंतूंना पीळ दिला, की ओढताना ते एकमेकांवर दाबले जातात. दाब वाढला, की घर्षण वाढते आणि धागा टिकतो. म्हणून कातण्यापूर्वी तंतू मोकळे राहिले पाहिजेत.

प्रथम निवड. खांद्यावरची व कुशीची लोकर घ्या. पोटाची व पायांची आखूड, घाण लोकर वगळा. एक बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ झटका द्या. तडतड आवाज आला, तर तंतू तुटत आहेत. आजारपणात किंवा उपासमारीत मेंढीची लोकर बारीक वाढते व तिथेच तुटते. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, घोंगडीला उत्तम. मेरिनोचा तंतू सुमारे २० मायक्रॉनचा, म्हणून मऊ.

आता धुणे. लोकर आधी गार पाण्यात भिजवा. घामाचे क्षार विरघळतात. लोकरीतले मेण सुमारे ४० अंश सेल्सियसला वितळते. म्हणून नंतर ५० अंशांच्या सौम्य साबणपाण्यात लोकर नुसती बुडवून ठेवा. चोळू नका, धुण्याचा सोडा घालू नका. अल्कलीने तंतू खराब होतात. तितक्याच गरम साध्या पाण्यातून काढा, हलके दाबून निथळा व सावलीत वाळवा. मग बोटांनी विंचरा, पिंजा आणि पेळू करा.

जाता जाता एक प्रयोग. आपल्या केसावरही असेच खवले असतात. डोक्याचा एक लांब, गळलेला केस अंगठा व तर्जनी यांत आडवा धरून, केसाच्या लांबीच्या दिशेने बोटे मागेपुढे चोळा. केस एकाच बाजूला सरकेल. सांगा पाहू, त्याचे मूळ कोणत्या टोकाला?