हळू पळायला शिकवणारं घड्याळ

पहाटे ४.४५

हिंगोलीत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचा दिवस दूधवाल्याच्या आधी सुरू होतो. राज्य राखीव पोलीस बलाचा १२ क्रमांकाचा गट याच गावात, त्यामुळे वर्दी इथल्या पोरांना लहानपणापासून रोज दिसते. माझ्या बॅचला सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, सगळीकडची पोरं-पोरी आहेत. खोली करून राहतात, डबा लावतात आणि अंधारातच मैदानावर हजर होतात. आल्या आल्या पहिला प्रश्न: "सर, आज घड्याळ कोणाकडं?"

बॅचमध्ये जीपीएसची दोन घड्याळं आहेत, पाळीनं वापरायची. ज्याची पाळी, त्यानं रात्री ते बांधून झोपायचं आणि सकाळी विश्रांतीची नाडी माझ्या वहीत लिहायची. एका सकाळच्या आकड्याला काही अर्थ नसतो. पण रांगेनं पंधरवडाभर आकडे लिहिले की ज्याचे त्याचे नेहमीचे ठोके कळतात. कळमनुरीच्या एका मुलीची नाडी आज नेहमीपेक्षा आठ-नऊनं जास्त. विचारलं तर म्हणाली, "रात्रभर कणकण होती सर." तिचं आजचं ग्राउंड रद्द. न विचारता ती पळाली असती, कारण भरतीच्या पोरांना सुट्टी मागायची लाज वाटते.

५.१५

आता सगळ्यात कंटाळवाणं काम: उभं राहणं. घड्याळाला निदान चार उपग्रह सापडल्याशिवाय आपण कुठं आहोत हे नीट कळत नाही. ते उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर. तिथून निघालेला संदेश सेकंदाच्या चौदाव्या-पंधराव्या हिश्श्यात मनगटावर पोहोचतो आणि त्या उशिरावरून घड्याळ अंतर काढतं. लिंबाच्या झाडाखाली किंवा भिंतीला टेकून उभं राहिलं की खोळंबा वाढतो. उपग्रह न पकडताच पळायला सुरुवात केली, तर पहिला अर्धा किलोमीटर नकाशावर कुणाच्याही वावरातून जातो.

उपग्रह मिळाले की नर्सीच्या रस्त्याला. संत नामदेवांचं गाव तिकडं. आज संथ पळायचं, किलोमीटरला सहा मिनिटं. घड्याळ आपली किंमत वसूल करतं ते इथं. वीस वर्षांच्या पोराला हळू पळ म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. शेजारचा अर्धं पाऊल पुढं गेला की हा एक पाऊल पुढं जातो आणि तिसऱ्या किलोमीटरला सगळी बॅच शर्यत लावते. मग संध्याकाळच्या खऱ्या मेहनतीला पायात काही उरत नाही. घड्याळात वेगाची वरची हद्द घालून ठेवली की ती ओलांडताच मनगट थरथरतं. मी मोटारसायकलवरून ओरडलो तर पोरं हसतात, घड्याळ थरथरलं तर ऐकतात.

या रस्त्यावर दोन्ही बाजूंना वावरं, उंच इमारती नाहीत, आभाळ मोकळं. मोजणीत थोडं मागंपुढं होतं, पण संथ पळण्याला तेवढं चालतं.

६.४५

उजाडलं. मुरमाच्या मैदानावर चुन्यानं आखलेली ४०० मीटरची फेरी आहे, टेपनं मोजलेली. आज सोळाशेची ट्रायल.

भरतीचं गणित असं: मैदानीचे ५० गुण. मुलांना १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळ्याला १५. मुलींना सोळाशेऐवजी ८००. पूर्ण वीस हवे असतील तर मुलांनी ५ मिनिटं १० सेकंदांत आत यायचं, मुलींनी २ मिनिटं ५० सेकंदांत. मुलांचं टायमिंग ५.१० च्या पुढं गेलं की दोन गुण गेले, ५.३० च्या पुढं आणखी दोन. ५.१० म्हणजे फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद, चारही फेऱ्यांना तेवढेच.

शिट्टी झाली. सेनगावचा एक जण आज घड्याळ लावून आहे. सुटला तेव्हा त्याची नजर मनगटावर. घड्याळ दाखवतं तो वेग या क्षणाचा नसतो. मागच्या काही सेकंदांचा मेळ घालून तो काढलेला असतो, म्हणून उडी मारून निघालं तरी आकडा आधी मंदच दिसतो. त्याला वाटलं आपण मागं पडतोय, त्यानं आणखी रेटलं. पहिली फेरी ६९ सेकंदांत, चौथी ८८ मध्ये. माझ्या स्टॉपवॉचवर एकूण ५.२२.

तो धापा टाकत आला, मनगट पुढं केलं. "सर, हे बघा, १.६५ किलोमीटर. मी पन्नास मीटर जास्तीचा पळालो. टायमिंग कमी धरा."

बाकीची पोरं हसली, पण त्याचा दावा निम्मा खरा होता. वळणावर घड्याळ सेकंदा-सेकंदाला ठिपके टाकतं आणि प्रत्येक ठिपका दोन-चार मीटर इकडंतिकडं पडतो. छोट्या गोल फेरीत ही चूक साठत जाते. मात्र तो पहिल्या फेरीनंतर दुसऱ्या लेनमधूनच पळत होता, हेही मी पाहिलं होतं. दुसऱ्या लेनमध्ये फेरीला सात मीटर जास्त पडतात. चारही फेऱ्या तिथून मारल्या तर २८ मीटर, त्याच्या वेगानं पाच सेकंदांच्या वर. घड्याळानं त्याला पन्नास मीटर दाखवले, पण त्यातले आपल्या पायांनी घालवलेले किती आणि उपग्रहांनी वाढवलेले किती हे सांगितलं नाही. ते चुन्याच्या रेघेनं सांगितलं.

म्हणून मैदानावर माझा नियम एकच: अंतर रेघेचं, वेळ घड्याळाची. दर फेरीला लॅपचं बटण हातानं दाबायचं. वेळ मोजायला उपग्रह लागत नाहीत, म्हणून ती पक्की. ६९, ७७, ८८ असे आकडे एकाखाली एक दिसले की पोराला आपण कुठं बुडालो ते समजतं, मला भाषण द्यावं लागत नाही.

७.३०

शंभर मीटर आणि गोळा. घड्याळं पिशवीत.

मुलांना शंभरमध्ये पूर्ण गुण साडेअकरा सेकंदांना. सेकंदाला एकदा जागा टिपणारं यंत्र तेवढ्यात अकरा-बारा ठिपके टाकणार, त्यातही चूक. गोळ्याचं तर विचारूच नका. ७.२६० किलोचा गोळा खांद्यापासून कसा सुटला, कंबर वळली की नुसता हात ढकलला, हे मनगटाला कळत नाही. ५० पैकी ३० गुणांच्या बाबतीत हे यंत्र मुकं आहे, आणि ते विकत घेण्याआधी कुणी सांगत नाही.

९.००

पोहे, उकडलेली अंडी, आणि मोबाईल बाहेर. सकाळचं रनिंग स्ट्राव्हावर चढवायचं, एकमेकांना लाइक द्यायचे. चुरस लागते, आळस जातो, ते चांगलं. पण मुलींकडून मी एक गोष्ट करूनच घेतो: खोलीच्या आसपासचा भाग नकाशावरून लपवायचा आणि रनिंग फक्त ओळखीच्यांनाच दिसेल असं ठेवायचं. रोज पहाटे पाचला एक मुलगी कोणत्या गल्लीतून निघते हे अनोळखी माणसाला घरबसल्या कळायला नको. २०१८ मध्ये याच अॅपच्या जागतिक नकाशावर परदेशातले लष्करी तळ उजळून दिसले होते. सैनिक तळाच्या आत धावत होते आणि त्यांच्या वाटा नकाशावर उमटत होत्या. उद्या वर्दी घालणाऱ्यांनी ही सवय आजच लावलेली बरी.

११.००

निम्मी बॅच कामाला गेली. फेब्रुवारी म्हणजे हळदीचे दिवस: काढणी, कुकरवर शिजवणी, वाळवणी, मग बाजार. दोन वर्षांपूर्वी, २०२४ मध्ये, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. कुकरची वाफ आणि पोती मात्र पोरांच्याच अंगावर. कामाला जाताना घड्याळ काढून ठेवतात, काच फुटेल म्हणून. संध्याकाळी ते बांधलं की अॅप खुशाल सांगतं: शरीर ताजं आहे, आज जोराचा सराव करा. दिवसभर पोती वाहिलेल्या पोराला! त्या पोराचा सराव मी त्याच्याकडं बघून ठरवतो, अॅपकडं बघून नाही.

दुपारी २.००

लेखीचा वर्ग. मैदानीत निम्मे गुण मिळाले, तरच लेखीच्या १०० गुणांच्या पेपराला बसता येतं, तेही एका जागेला दहा या प्रमाणात. आज सामान्य ज्ञानात आपल्याच जिल्ह्याचा प्रश्न: लायगो-इंडिया कुठं? औंढ्याजवळ दुधाळ्याला. गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींचा खर्च मंजूर केला.

तिथून गाडी घड्याळावर आली. उपग्रहातलं अणुघड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढं जातं, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निघतं. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात जागेची चूक दहा किलोमीटरपर्यंत जाईल. ज्याच्या लहरी दुधाळ्याला पकडायच्या, त्याचाच हिशेब आपल्या मनगटावर चालतो. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे माझी पन्नास मीटरची चूक आइन्स्टाइनची?" वर्ग हसला, आणि हा प्रश्न परीक्षेत चुकणार नाही याची माझी खात्री झाली.

संध्याकाळी ५.३०

चारशेच्या सहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं चालणं. इथं नाडीचा आकडा फसवतो. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा कातडीखालचं रक्त बघून ठोके मोजतो. पट्टा सैल असला, घाम आला, हात जोरात हलले की तो पावलांनाच ठोके समजतो. मिनिटाला १७५ पावलं आणि नाडीही नेमकी १७५ दिसली की मी आकडा खोडतो. छातीचा पट्टा याहून खात्रीचा, पण तो आणखी खर्च. आणि २२० वजा वय या सूत्रानं काढलेली कमाल नाडी माणसागणिक दहा-बाराचा फरक सहज दाखवते. त्यापेक्षा सोपी परीक्षा आहे: संथ पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, जोराच्या फेरीत दोन शब्दांच्या वर बोलता येता कामा नये.

भरतीच्या दिवशी तर हे घड्याळ सोबत नसणारच. तिथं वेळ त्यांची यंत्रं मोजणार. म्हणून शेवटच्या दोन फेऱ्या सगळ्यांनी मनगट न बघता मारायच्या आणि आत आल्यावर आपलं टायमिंग अंदाजानं सांगायचं. महिन्यापूर्वी पोरं दहा-दहा सेकंदांनी चुकायची. आज बहुतेक जण दोन-तीन सेकंदांत आले.

रात्री ८.००

सकाळच्या सेनगावच्या पोराच्या वडिलांचा फोन.

"सर, पोरगं घड्याळ मागतंय. पंधरा हजाराचं म्हणतंय. हळद विकली की घेऊन द्यावं का?"

"काका, बूट कसे आहेत त्याचे?"

"गेल्या सालचे. तळवा गेलाय."

"मग आधी बूट. त्यानंतर खुराक, दूध-अंडी. घड्याळ आळशी पोराला पळवत नाही, ते तुमच्या पोरासारख्याला लागतं, ज्याला थांबायचं कळत नाही."

"ते तर कोणाचंच ऐकत नाही, सर."

"म्हणूनच म्हणतो, घाई नको. बॅचच्या घड्याळाची सोमवार-गुरुवारची पाळी महिनाभर त्याला देतो. हळू पळ म्हणून थरथरलं की तो हळू झाला, तर मी स्वतः सांगेन, घ्या. नाही झाला, तर तेच पैसे मेसला भरा."